काळ्या तेलाची ऊब

मे महिन्यातल्या भर दुपारी सोलापूरच्या एस.टी. स्टँडवर दोन स्वेटर, वर जाकीट आणि डोक्यावर माकडटोपी अशा अवतारात उभा असलेला माणूस तुमच्यापैकी कोणी पाहिला असेल, तर तो मीच. विमानात बॅगांचं वजन करतात असं एजंटानं सांगितलं होतं, म्हणून बॅगेत मावलं नाही ते सगळं आईनं माझ्या अंगावर चढवलं होतं. पायाखालचं डांबर मऊ झालेलं. कंडक्टरनं तिकिटाआधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. आई खिडकीखालून सांगत होती, "टोपी काडू नगंस. तितं पोचूस्तवर काडायची न्हाय." मी आज्ञाधारक मुलगा. टेंभुर्णीला चक्कर येऊन शेजारच्या बाईंच्या मांडीवर पडलो, तेव्हा ती टोपी त्यांनीच काढली.

तर मंडळी, गाव सोडलं ते असं. आमचं खेडं वैरागजवळ. शेती भावानं सांभाळली आणि मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एका ट्रक गॅरेजात मिस्त्री झालो. तिथले उस्ताद तोंडात सुपारी धरून बोलायचे, त्यामुळे फार बोलायचे नाहीत. गॅरेजच्या कोपऱ्यात एक मोठं पिंप होतं. इंजिनातून काढलेलं जळकं तेल त्यात. गिअरचं तेल त्यात, ब्रेकचं त्यात, रेडिएटरचं हिरवट पाणीसुद्धा त्यातच. नव्या पोरानं विचारलं की उस्तादांचं एकच उत्तर, "काला सो काला. डाल दे रे उसमें." आणि खरंच, कुणाचं काही अडत नव्हतं. स्लॅबचे सेंटरिंगवाले ते साच्याच्या प्लेटांना चोपडायला न्यायचे, शेतकरी दाराच्या चौकटींना वाळवी लागू नये म्हणून. एक म्हातारा म्हशीच्या गोचिडांसाठी न्यायचा. या तेलानं कुणी घर गरम करत असेल, हे सोलापूरच्या माणसाच्या डोक्यात कसं यावं? आम्ही जन्मभर घर गार करायच्या मागं.

त्याच एजंटानं लावून दिलेल्या मिस्त्रीच्या नोकरीवर कॅनडाच्या ज्या गावात मी येऊन पडलो तिथं गॅरेज, चर्च, धान्याची उंच कोठारं आणि बाकी सगळं आभाळ. आमच्याकडं माळ म्हणतात तसला माळ, फक्त पांढरा. राहायला गॅरेजच्या वरच्या दोन खोल्या मिळाल्या. पहिल्याच हिवाळ्यात मी लेंगा धुऊन बाहेर वाळत घातला आणि तासाभरानं आणायला गेलो तर तो पत्र्यासारखा उभा. ओढला तर मोडला. एकदा सकाळी सूर्याच्या दोन्ही बाजूंना दोन खोटे सूर्य उगवलेले दिसले. मी घाबरून गॅरेजच्या मालकाला हाका मारत सुटलो. तो म्हणाला, हवेत बर्फाचे कण चमकतायत, आज थंडी जरा जास्त आहे, एवढंच.

त्या मालकानंच मला खाली नेऊन भट्टी दाखवली. गाड्यांमधून काढलेलं जळकं तेल टाकीत जायचं, तिथून गाळणीतून भट्टीत. भट्टी ते तापवायची, हवेच्या झोतानं त्याचं धुकं करायची आणि ते धुकं पेटायचं. काचेच्या छोट्या डोळ्यातून मी आत पाहिलं. आयुष्यभर ज्या घाणीनं माझे शर्ट गेले, ती आत पिवळीधमक होऊन गर्जत होती. मी कितीतरी वेळ वाकून बसलो. सगळ्या गावाचे ट्रॅक्टर नांगरून दमले, ट्रक धावून दमले, आणि त्यांच्या पोटातून निघालेलं ते दमलेलं तेल पत्र्याच्या नळीतून वर माझ्या अंथरुणापाशी ऊब होऊन येत होतं. घरी फोन करून सांगितलं तर भाऊ म्हणाला, "लई फेकतोस."

मालकानं दोन डबे दाखवले होते. एक फक्त तेलाचा, तो टाकीत. दुसरा रेडिएटरच्या पाण्याचा आणि बाकी सगळ्याचा, तो टाकीजवळसुद्धा आणायचा नाही. मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

पुढच्या वर्षी सुनंदा आली, माझी बायको. तिला पाठवताना सासऱ्यांनी वैरागच्या बाजारपेठेत चार माणसांदेखत अट घातली होती, "पोरगी गारठली तर फुडच्या इमानानं परत." सुनंदानं ती अट मनावर घेतली. आल्यावर वरचे चार कपडे तेवढे काढले आणि बाकी भरलेली बॅग दाराशी उभी करून ठेवली. तळाला तिच्या आईनं दिलेल्या दोन सोलापुरी चादरी, मध्ये शेंगाचटणीचे डबे, वर साड्या. मी विचारलं की म्हणायची, "असू द्या की. हिवाळा तर बघू." रोज कामावर उतरताना मला त्या बॅगेला वळसा घालून जावं लागे. पाहुणा निघायच्या तयारीत उंबऱ्यावर बसून राहावा, तशी ती.

नाताळात मालक लेकीकडं शहरात गेला. गॅरेज बंद करताना त्यानं एकच काम सांगितलं, टाकी भरून घे. सुनंदाला पहिला हिवाळा मऊ लागावा म्हणून मी टाकी काठोकाठ भरायचं ठरवलं. तेलाचा डबा संपला. शेजारी दुसरा डबा होता. काळाच दिसत होता. हात अक्कलकोट रोडवर तयार झालेले, त्यांनी मला काही विचारलं नाही. काला सो काला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टी दोनदा खोकली आणि बसली. पाणी जड, ते टाकीच्या तळाला उतरलं आणि तिथूनच भट्टीत गेलं. बाहेर वादळ होऊन गेलेलं, शहराचा रस्ता बर्फानं बंद. विजेचा छोटा हीटर एका खोलीलाही पुरेना. खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी चढायला लागली. सुनंदा दोन स्वेटर घालून, हात काखेत धरून बसली होती. माझ्याकडं बघत नव्हती. बॅगेकडं बघत होती.

मालकाला फोन लावला. तो म्हणाला, तळाची तोटी उघड, पाणी जाऊ दे, गाळणी धू. पण ते तेल आता काही उपयोगाचं नाही, शेजाऱ्यांकडं माग.

"कसं मागायचं?" मी सुनंदाला म्हणालो. "मिस्त्री मी, आणि भट्टीत पाणी मी घातलं. हसतील लोक."

ती पहिल्यांदा माझ्याकडं वळली. "तुमची आई विस्तव आणायला जायची का न्हाय?"

जायची. चुलीतला विस्तव सकाळी विझलेला असला की आई गोवरीचा तुकडा घेऊन शेजारच्या घरी जायची, आणि धुमसता तुकडा पदराआड धरून परत यायची. एकदा मला पाठवलं तर मी लाजून अर्ध्या वाटेतून माघारी आलो. आई म्हणाली होती, "त्यात लाज कसली रं? आज आपला इझला, उद्या त्यांचा इझंल."

"मग जावा की," सुनंदा म्हणाली. "मी हितं हायच. आजच्या दिवस."

रस्त्यापलीकडं एक म्हातारी शेतकरीण राहायची, नवऱ्यामागं एकटी. तिच्या दारात मी उभा राहिलो तेव्हा मिशा गोठल्यामुळं नीट बोलताही येईना. तिनं ऐकून घेतलं, हसली नाही. नवऱ्याच्या शेडमधून ट्रॅक्टरच्या तेलाचे दोन डबे काढून दिले आणि फोनला बसली. तासाभरात गॅरेजपुढं पिकअप गाड्या लागल्या. दुधाचे कॅन, लोणच्याच्या बरण्या, रंगाचे डबे, ज्याच्या शेडमध्ये जे जळकं तेल होतं ते घेऊन माणसं येत होती आणि डबा टेकवून, टोपीला हात लावून जात होती. मी प्रत्येकाला सॉरी म्हणत होतो. त्यांना वाटलं असावं, आमच्याकडं आभार असेच मानतात.

पण थंडीनं ते तेल ओतलंच जाईना. सुनंदा खाली आली, एक डबा तिरपा करून पाहिला. "काकवी हाय की ही," ती म्हणाली. माझ्या तेलकट कपड्यांना चिमटीनं धरणारी ही बाई. तिनं वरच्या बाथरूममधला टब विजेच्या गिझरच्या कढत पाण्यानं भरायला घेतला आणि डबे त्यात उभे केले. पण वरून खाली नेईपर्यंत ते परत आळायचे. तिनं इकडं तिकडं पाहिलं, मग दाराशी जाऊन बॅग आडवी पाडली आणि उघडली. साड्या पलंगावर, चटणीचे डबे टेबलावर, तळातून चादरी बाहेर. लहान लेकराला गुंडाळावं तसे डबे गुंडाळून ती एकेक खाली आणू लागली. मी तोटी उघडून पाणी काढत होतो, गाळणी धूत होतो, आणि चादरीवरच्या मोरांवर काळे डाग पसरताना बघत होतो.

दिवेलागणीला बटण दाबलं. पंखा फिरला. टकटक झालं. काही नाही. परत दाबलं. मग त्या काचेच्या डोळ्यात एक ठिणगी, आणि एकाएकी सगळा डोळा सोन्याचा. सुनंदा वाकून पाहत होती. तिचा काळा माखलेला चेहरा त्या उजेडात उजळला आणि तिनं, माहेरी संध्याकाळी दिवा लावल्यावर जोडायची तसे, हात जोडले. मीही जोडले. पाहायला आलेली म्हातारी दारात होती, तिनं टोपी काढली. टोपी काढण्यासारखी ती थंडी नव्हती.

त्यानंतर बॅग पलंगाखाली गेली. चादरींचे डाग अजून निघालेले नाहीत. हिवाळा लागला की सुनंदा त्याच चादरी तेल आळू नये म्हणून नळीभोवती गुंडाळते. आता म्हातारीच्या शेडमध्येही तशीच एक छोटी भट्टी बसवली आहे, आणि तिचं तेल संपलं की ती डबा घेऊन आमच्याकडं येते.

गेल्या डिसेंबरात सुनंदाच्या धाकट्या भावाचं लग्न होतं म्हणून वैरागला आलो होतो. पहाटे अंगणात शेकोटी पेटवून सगळे "लई थंडी, लई थंडी" करत बसलेले, मी बनियनवर. सासरे म्हणाले, "ऱ्हावा की महिनाभर. एवढी काय घाई?"

सुनंदा काडीनं विस्तव सारखा करत होती. "न्हाय हो बाबा," ती म्हणाली. "टाकीत तेल कमी हाय, शेजारच्या आज्जीला कोण देणार? घरी जायला पायजे."

सासऱ्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "घरी?" ते म्हणाले.

ती विस्तवच सारत राहिली. मी थोडा सरकून तिला जागा करून दिली.