बोरीखाली काढलेला फोटो

मी तसा तापट माणूस, आणि धंदा पत्करला तो लहान मुलांना 'हलू नको' म्हणण्याचा. अमरावतीत अंबागेटाजवळ माझा फोटो स्टुडिओ होता. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कुणी कधी न पाहिलेला महाल, पुढे खुर्ची, आणि खुर्चीत पावडर फासलेलं, गालावर तीट लावलेलं एखादं पोर. आई एकीकडून "हास ना रे बाबू" म्हणायची, बाप दुसरीकडून डोळे वटारायचा. पोर साक्षीला उभं केल्यासारखं बघत राहायचं. अशी कितीतरी भेदरलेली तोंडं मी कागदावर उतरवली आणि लोकांनी ती चौकटीत घालून भिंतीवर टांगली. मला त्या फोटोंची लाज वाटायची.

लढाई संपल्यावर मेळघाटातला एक गोरा जंगल अधिकारी विलायतेला परत निघाला. त्याच्याकडे जनावरांचे फोटो काढायचा कॅमेरा होता, हातभर लांब भिंगाचा. तो मी घेतला आणि सांबरांऐवजी पोरं टिपू लागलो. परकोटाबाहेरच्या मैदानाच्या एका टोकाला तिपाई रोवायची आणि मुकाट्यानं बसायचं. थोड्या वेळानं पोरं मला विसरत. मग विटीसाठी भांडणारी, बाहीला नाक पुसत हसणारी पोरं त्या भिंगातून अगदी हाताशी येत. ज्याच्यावर नजर धरावी तेवढंच लख्ख दिसे, मागचं सगळं पुसट होऊन जाई. मित्र म्हणत, हा उंटावरून शेळ्या हाकतो. म्हणोत बापडे. आयुष्यात पहिल्यांदा मला माझं काम आवडू लागलं होतं.

त्यातले काही फोटो मी दुकानाच्या दर्शनी काचेत लावले. खाली पायरीशी एक बाई हार-फुलं विकायला बसायची. तिच्या घरचा झेंडू-शेवंतीचा मळा होता. इतक्या वर्षांत ती कधी वर आली नव्हती. एक दिवस आली आणि दारातच उभी राहिली.

"भाऊ, या लेकरायले मालूमच नाई का, तुमी फोटू काढून राहिले ते?"

"नाई. म्हणून तर हासून राहिले."

मग तिनं सांगितलं. तिला तीन मुलगे. अकोल्याच्या थोरल्या चुलत दिरांना मूलबाळ नव्हतं, म्हणून नवऱ्यानं धाकटा त्यांना दत्तक दिला. तेव्हा तो तीन वर्षांचा होता. या गोष्टीला दोन वर्षं होऊन गेली होती. तेव्हापासून तिनं त्याला पाहिलं नव्हतं.

"मंग तुमी सोता काहून नाई जात?"

"दिलेल्या लेकराच्या दारात जाऊ नये, भाऊ. त्याले दोन माया दिसल्या का ते ना इकडचं ना तिकडचं. तुमी दुरून एक फोटू आना. त्याले मालूम पडू देऊ नका, घरच्यायलेबी नाई. मले पाहाचं हाये, हासते का नाई ते."

पोराला ओळखायचं कसं, असं मी विचारलं. ती म्हणाली, देवीला नवस बोललाय, अजून जावळ काढलेलं नाही, डोक्यावर वेणी असते. एवढी खूण मला पुरेशी वाटली.

थंडीत मी अकोल्याला गेलो. मोर्णेच्या काठी त्या घरामागे बोरीचं झाड होतं आणि सकाळच्या उन्हात पोरं त्याला दगड मारत होती. मी नदीच्या पलीकडल्या काठावर तिपाई लावली. कुणी विचारलं तर नदीचा फोटो म्हणून सांगत होतो. वेणीवाला पोरगा लगेच सापडला. सगळ्यांत दांडगा तोच. बोर पडलं की असा खिदळायचा की मलाही हसू फुटत होतं. फिल्मची तेव्हा मारामार असे. मी दोनच काढले. त्यातला एक हलला, दुसरा मात्र असा उतरला की मी माझ्याच पाठीवर थाप मारून घेतली असती.

अमरावतीला परतून मी फोटो छापला. त्या संध्याकाळी हारांची टोपली रिकामी झाल्यावर ती बाई वर आली. पदराला हात पुसून तिनं फोटो उजेडात धरला. मी शाबासकीची वाट बघत होतो.

"हा माहा नाई, भाऊ."

माझं टाळकं सटकलं. "अवो बाई, वेणी तुमीच सांगतली ना!"

तिनं ऐकलंच नाही. झेंडूनं पिवळं झालेलं तिचं बोट फोटोच्या कडेला येऊन थांबलं. तिथे मागे, पुसटात, एक बाई उभी होती आणि तिला बिलगून डोकं तासलेलं एक पोर. काढताना माझं तिकडे लक्षही गेलं नव्हतं.

"हा हाये."

"याचं तं तोंडबी दिसत नाई."

"पायाचे पंजे आतमंदी वळवून उभा हाये, पाहा ना." मग तिचं बोट त्या तासलेल्या डोक्यावर सरकलं. "जावळ काढलं त्याचं. कोन्या मामाच्या मांडीवर बसवलं असन?"

तिचा सख्खा भाऊ अमरावतीतच राहत होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. नवस तिचा, आणि मांडी दुसऱ्याच कुणाच्या भावाची. तिच्याकडे बघवत नव्हतं. असं झालं की मी हाताला काम शोधतो. मी कात्री घेतली आणि म्हटलं, पुढचं ते पोरगं काढून टाकतो, ती बाईपण काढतो, तुमचा तेवढा ठेवतो.

तिनं फोटो दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"कापू नका, भाऊ. तिचा पदर त्यानं मुठीत धरला हाये. तिले कापसान तं त्याचा हात जाईन."