आम्ही खाली गेलो

माझी मुलगी इंग्लंडात समुद्रकाठच्या एका लहान गावात नर्स आहे. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांना जिथे ठेवतात, तिथे तिची ड्युटी असते. मी समुद्र पाहिलेला नाही. आमच्या जालन्यात पाणी म्हणजे तलाव आणि नळ, आणि नळालाही रोज येत नाही.

मागच्या हिवाळ्यात ती फोनवर म्हणाली, "आई, आम्ही खाली गेलो न, तर संपलंच सगळं." माझ्या हातातली परात सुटली. मला वाटलं, समुद्र गावात शिरला.

"मंग निघ की तिथून! सामान राहू दे!"

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. खाली जाणं म्हणजे तिथल्या फुटबॉल क्लबनं खालच्या गटात जाणं. आपल्याकडे नापास झालेलं पोरगं त्याच वर्गात बसतं, तिथे आख्ख्या टीमला एक वर्ग खाली बसवतात.

हसणं झालं, पण "आम्ही" हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. आपण म्हणाली असती तर मीही त्यात आले असते. आम्ही म्हणजे ती आणि ते लोक.

तिचं तिथलं काम उन्हाळ्यापर्यंतच ठरलेलं होतं. पुढे राहायचं की परत यायचं, ते "सीझन संपला की सांगते" म्हणाली होती. येशील का, असं तोंडानं विचारायचा मला धीर नव्हता. नाही म्हणाली तर? म्हणून मी क्लबचं विचारायची. क्लबचं विचारलं की ती खूप वेळ बोलायची.

तिच्याकडच्या एका आजोबांना सगळा इतिहास पाठ. त्यांचं ऐकून ती मला सांगायची. क्लब काढला कोळ्यांनी. जिथे मासळीची जाळी वाळत घालायचे, तिथेच खेळायचे, आणि गोलला बांधायलाही फाटकी जाळीच. जोरात मारलेला बॉल समुद्रात जायचा, म्हणून एक माणूस होडी घेऊन बसलेला असे. लढाईच्या वर्षांत मैदानात बटाटे लावले. एका वादळात प्रेक्षकांवरचे पत्रे उडाले, ते कुणाला सापडलेच नाहीत. मग क्लबच्या एका मालकाला मैदान विकून तिथे घरं बांधायची होती. तेव्हा गावानं दारोदार वर्गणी काढून क्लब वाचवला. वर्गणीचं मला लगेच समजलं. गणपतीची वर्गणी मागायला आलेल्यांना दारातून परत पाठवता येत नाही, तसंच असणार.

माझे मालक बियाण्याच्या दुकानात कामाला आहेत. ते चेष्टा करायचे. "शाळा चौथी, अन् इतिहास इंग्लंडचा! काय म्हणती तुमची टीम?"

"हरून राह्यली," मी म्हणायची. खरंच हरत होती. प्रत्येक हारीला मला आतून बरं वाटायचं आणि जेवण जायचं नाही. क्लब खाली गेला तर तिचं मन उडेल, ती येईल, असं मी धरून बसले होते.

शेवटच्या मॅचच्या आधीच्या चतुर्थीला मी राजूरच्या गणपतीला गेले. हरू दे, असं मागायला. रांगेत पाय भाजले. गणपतीसमोर हात जोडले आणि डोळ्यांपुढे आला तो होडीतला बॉलची वाट पाहणारा माणूस. हरू दे, असं म्हणवेना. मागून एक बाई म्हणाली, "मावशी, सगळं तुम्हीच मागता का? सरका जल्दी!" मी सरकले. नारळसुद्धा न फोडता घरी आणला.

मॅचच्या दिवशी मी गच्चीवरच्या कुरडया दोनदा काढल्या, दोनदा परत पसरल्या. दिवेलागणीनंतरही फोन नाही. आला तेव्हा ती रडत होती.

"गेलो आई, खाली. एका गोलनं."

"आजोबाला सांगितलं का?"

"हो. ते म्हणले, असे लई वेळा गेल्तो. चहा आण."

"मंग तू कशाला रडती? पुढल्या साली येऊ की वर!"

तिचं रडणं थांबलं. मग नाक ओढत म्हणाली, "येऊ म्हणलीस तू."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिचं मन उडालेलं नव्हतं, आणि मीही त्यांच्यातली होऊन बसले होते.

"मंग राहू का गं अजून एक साल?"

इतके महिने जे मी विचारू शकले नाही, ते तिनंच विचारलं. मी "हूं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

आतून यांनी आवाज दिला, "कोण येऊ म्हणतं? पोरगी येऊन राह्यली का?"

"न्हाई," मी म्हणाले. "टीम. पुढल्या साली."

नारळ अजून देवापाशी आहे. रोज त्याच्याभोवतीचं पुसते. काय मागून फोडायचा, तेच ठरत नाही.