मोठी झोप, धाकटी झोप आणि चार पापण्या

स्टाफरूमचं कपाट आवरायला काढलं की एक हजेरीपट शोधताना दहा जुने गठ्ठे अंगावर येतात. किस्स्यांचंही तसंच असतं. कुणी सहज विचारतं, "माने बाई, तुम्ही डोळ्यांचं ऑपरेशन करणार होता ना? काय झालं त्याचं?" आणि मला एका वाक्यात उत्तर देताच येत नाही. कारण ते उत्तर सुनंदापासून सुरू होतं. माझी बरीच दुखणी सुनंदापासूनच सुरू होतात!

सुनंदा पाटील गणिताची, मी मराठीची. तासगावात मुलींच्या एकाच शाळेत आम्ही तीस वर्षं काढली. डबा एक, रिक्षा एक, गुपितं एक. आणि मी तिच्यावर जळते, हेही आत्ताच सांगून टाकते. लपवून काय उपयोग, घरच्यांना माहीत आहेच.

*

चाळिशीनंतर आम्हा दोघींच्या वरच्या पापण्या खाली यायला लागल्या. सुनंदाच्या तर सुकत घातलेल्या द्राक्षासारख्या सुरकुतल्या. पोरींनी लगेच बारसं केलं: मोठी झोप आणि धाकटी झोप! सुनंदा उंच, म्हणून ती मोठी. म्हणजे झोपेतसुद्धा माझा दुसरा नंबर!

पण परीक्षेत याच पापण्यांनी आम्हाला नाव मिळवून दिलं. मी खुर्चीत बसले की पोरींना वाटायचं, बाईंचा डोळा लागला. पाच मिनिटांत चिठ्ठ्या बाहेर. एकदा आसमा नावाच्या पोरीनं ओढणीतून चिठ्ठी काढली, मांडीवर पसरली आणि निवांत उतरवायला घेतली. मी जागेवरूनच म्हणाले, "तिसरी ओळ सुटली बघ, बाळ."

पोरीचा पेनच खाली पडला. मग मी तिच्यापाशी जाऊन सांगितलं, "जेवढं येतं तेवढं लिही. पण स्वतःचं लिही." ही आसमा लक्षात ठेवा, ती पुढं भेटणार आहे.

सुनंदाही अशाच पोरी पकडायची. वर्षाच्या शेवटी आम्ही एकमेकींना आकडा विचारायचो. तिचा एकानं तरी जास्त निघायचा!

*

खरा घोळ फोटोचा. आमच्या शाळेत निवृत्त होणाऱ्या शिक्षकाचा मोठा फोटो सभागृहाच्या भिंतीवर लावतात. कायमचा. आता आमच्या पिढीची जन्मतारीख आई-बापांना कुठली आठवायला? मास्तरांनी सरसकट एक जून लावली. सुनंदाचीही एक जून, माझीही एक जून, सालही तेच. म्हणजे दोघी एकाच दिवशी निवृत्त, आणि दोघींचे फोटो शेजारी शेजारी!

शेवटच्या वर्षी दिवाळीनंतर सुनंदानं हळूच सांगितलं, "मंगल, मी पापण्यांचं काय ते करून घेणार हाय. फोटूत तरी जागी दिसू दे."

माझ्या डोळ्यांसमोर ती भिंत उभी राहिली. शेजारी टवटवीत सुनंदा आणि मी पेंगलेली. पुढची पन्नास वर्षं! त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

*

साताऱ्याला माझी धाकटी बहीण असते. तिनं उपाय सुचवला, "ऑपरेशन कशाला? चिकटपट्ट्या मिळतात. पापणीवर लावायच्या, डोळा उघडा." पार्सलच आलं तिच्याकडून.

सोमवारी लावून गेले. दोन तास जग काय मोठं दिसलं! सुनंदानं विचारलं, "आज काय येगळंच दिसतंय गं तुझं?" मी म्हटलं, "झोप चांगली झाली." मनातून उकळ्या फुटत होत्या.

तिसऱ्या तासाला मुख्याध्यापकांनी बोलावलं. मी समोर उभी राहिले आणि घामानं उजवी पट्टी सुटली. डावा डोळा टक्क उघडा, उजवा मिटत आलेला. मी तो वर उचलायला बघतेय, तो पुन्हा खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. सर बिचारे सात्त्विक माणूस. त्यांनी खुर्ची मागं सरकवली आणि शिपायाला हाक मारली, "शंकरराव, जरा दार उघडंच ठेवा."

*

शेवटी दोघी सांगलीला गेलो, एकाच एसटीनं. डॉक्टर बाई तरुण, समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, "रस्ते चार आहेत. पापणीची जादा कातडी काढायची. किंवा पापणी उचलणारा स्नायू आखडून घ्यायचा. किंवा भुवईच वर घ्यायची. नाहीतर काहीच करायचं नाही."

सुनंदाला तपासून म्हणाल्या, "तुमची कातडी बुबुळावर येतेय. ती काढली की झालं." मला म्हणाल्या, "तुमची कातडी ठीक आहे, स्नायू किंचित सैल आहे. तो आखडता येईल, पण तुमचे डोळे आधीच कोरडे आहेत. पापणी पुरती मिटली नाही तर त्रास वाढेल. मी म्हणेन, राहू द्या."

म्हणजे तिला सोपं आणि मला अवघड! कातडीतसुद्धा तिचंच बरं!

घरी यांना विचारलं. आमचे हे मिलिटरीतून रिटायर, बोलणं कमी. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तीस वर्षं तू माझ्याकडं अर्ध्याच डोळ्यानं बघत आलीयास, म्हणून संसार टिकला. आता पूर्ण कशाला उघडतीयास?"

*

पण मूळ दुखणं वेगळंच होतं. आमच्या गावात 'दिसत नव्हतं म्हणून ऑपरेशन केलं' म्हटलं की लोक हळहळतात. 'दिसायला बरं म्हणून केलं' म्हटलं की नावं ठेवतात. आता कुणाचं कुठल्या खात्यात, ते सांगलीच्या पुढच्या खेपेत, नजर कडेला कुठवर पोचते ते मोजणाऱ्या फील्ड टेस्टवर ठरणार होतं. मशीनमध्ये तोंड घालायचं, समोरच्या टिंबाकडं बघायचं, कडेला बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं. सुनंदाच्या कागदावर वरचा अर्धा भाग काळाकुट्ट आला. डॉक्टर म्हणाल्या, "हे मेडिकलच आहे." सुनंदाचा चेहरा असा खुलला, जणू बोर्डात आली!

मला काही ते बघवलं नाही. माझी पाळी आली तेव्हा वरच्या बाजूला उजेड चमकला की मी बटण दाबायचंच सोडून दिलं. सरळ हिशेब: दिसलं नाही म्हणजे मेडिकल!

टेस्ट संपली. मशीनमागची बाई कागद हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. मग मास्क खाली घेतला. आसमा! दोन लेकरांची आई झालेली.

"बाई," ती हळू आवाजात म्हणाली, "एवढं दिसत नसतं, तर मघाशी मान न उचलता छताजवळचं घड्याळ बघून 'अजून किती वेळ' असं विचारलं नसतं तुम्ही."

तिनं बटण परत माझ्या हातात दिलं. "जेवढं दिसतं तेवढं दाबा, बाई. पण खरं दाबा."

दुसऱ्यांदा बसले. सगळं दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा पास झाल्याचं वाईट वाटलं.

*

सुनंदाचं ऑपरेशन झालं. त्यानंतर पंधरा दिवस मी जे सोसलं, ते तिनं नाही सोसलं! ती आपली काळा गॉगल लावून पलंगावर बसलेली, डोळ्यांवर बर्फाची पिशवी, आणि अख्खं तासगाव भेटायला. द्राक्षांचा सीझन. सात पेट्या आल्या, मी मोजल्या. जो तो म्हणतोय, "आवं, दिसत न्हवतं तरी शिकवीत हुत्या बिचाऱ्या!" मी तिथंच चहा गाळत होते. मलाही त्याच पापण्या होत्या, पण माझ्यासाठी कुणी एक घड आणला नाही.

टाके निघाले, सूज उतरली, गॉगल गेला. सुनंदानं डोळे उघडले आणि माझ्याकडं नीट, टक लावून बघितलं. मी वाट बघतेय, आता म्हणेल, तू केलंस गं सगळं माझं.

"मंगल," ती म्हणाली, "तू कवा एवढी म्हातारी झालीस गं?"

*

एकतीस मेला दोघी निवृत्त झालो. फोटो लागले. सुनंदा त्यात दहा वर्षांनी तरुण, डोळे पाणीदार, हसरी. शेजारी मी. फोटोग्राफरनं मला तीनदा "बाई, डोळे उघडा" म्हटलं आणि चौथ्यांदा नाद सोडला. समारंभात येईल तो तिच्याच फोटोपुढं थांबत होता. मी घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू.

पुढच्या फेब्रुवारीत सुनंदाकडं चहा घेत बसलो होतो, तर शंकरराव शिपाई आले. शाळेत पूर्वपरीक्षा चालू होती, सभागृहात बाकं मांडली होती. सुनंदानं विचारलं, "काय म्हणतीय शाळा?"

"आवं, काय सांगू!" शंकरराव माझ्याकडं बघून म्हणाले, "माने बाईंच्या फोटूम्होरं बसायला एक पोरगी तयार न्हाई. म्हनत्यात, त्या बाई झोपल्यागत दिसत्यात, पन बघत्यात! परवा एक तर रडायलाच लागली. ती सगळी रांग आमी पल्याडच्या भिताडाकडं तोंड करून फिरवली."

सुनंदा हसली. मग म्हणाली, "आणि माझ्या फोटूसमोर?"

"तिथं काय न्हाई बघा. बिनघोर बसत्यात. तिगी घावल्या की चिठ्ठ्या घेऊन! इचारलं तर म्हनत्यात, या बाई लय मायाळू दिसत्यात."

शंकरराव गेले. सुनंदाचा चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली. मी माझा कप निवांत संपवला. मग तिनं आपली ती सुरेख, टाके न दिसणारी पापणी बोटानं हळूच खाली ओढून बघितली.

"मंगल," ती म्हणाली, "काढलेली कातडी त्या डॉक्टर बाई टाकून देत असतील का गं?"