खोबरेल लावलेले टायर

मी जात्याच भित्री. घरातून निघताना गॅसचा नॉब तीनदा बघते, लिफ्ट जराशी हलली तरी देवाचं नाव घेते. पण या सगळ्यांच्या वरची एक भीती होती, ती म्हणजे माझे सासरे. लवू तावडे, वय अडुसष्ट, राहणार भांडुप. अंगाने काडी, आवाज मात्र असा की चौथ्या मजल्यावर ओरडले तर खाली वॉचमन उठून उभा राहतो. आजवर त्यांनी कुणावर हात उचललेला नाही. पण त्यांचा आवाज चढला की माझ्या हातातलं भांडं पडतं, हे अकरा वर्षं चालू आहे.

या माणसाचा जीव गाडीत नव्हता, गाडीच्या टायरांत होता. गाडीला चार ठिकाणी ओरखडे, त्याचं त्यांना सोयरसुतक नाही. कारखान्यात तीस वर्षं फिटर होते, यंत्राची निगा राखायची सवय हाडात मुरलेली. निवृत्त झाल्यावर जुनी गाडी घेतली ती गावी, कुडाळला, जाण्यायेण्यापुरती, आणि घेतल्या घेतल्या चारी टायर नवे टाकले. तेव्हापासून त्या टायरांची बडदास्त सुरू झाली. हवा बघायची ती सकाळी, चाकं थंड असताना. गाडी पळवून आणल्यावर मोजलेली हवा खोटी. ठरावीक महिन्यांनी पुढची चाकं मागे, मागची पुढे. खड्डा दिसला की गाडी बैलगाडीच्या चालीने. देवेशने, म्हणजे त्यांच्या मुलाने आणि माझ्या नवऱ्याने, एकदा टायर फुटपाथला घासला तर त्याला पुढचं वर्षभर किल्ली मिळाली नाही. आठवडाभर गाडी हलली नाही तर रविवारी थोडी पुढे-मागे करायची, नाहीतर टायर एकाच जागी दबून बसतात.

हे सगळं झालं की शेवटी खोबरेल. गावाहून आलेलं, घाण्याचं. जुन्या बनियनचा बोळा तेलात बुडवून चारी टायर असे चोळायचे की आमच्या गंधालीला तान्ही असताना कुणी तेवढं चोळलं नव्हतं. "कातडा काय नि रबर काय, तेलाशिवाय सुकतलाच," म्हणायचे.

बिल्डिंगमध्ये त्यांचं नाव होतं. नवी गाडी घेतलेले लोक खास विचारायला यायचे, आणि बाबा त्या काळ्या कुळकुळीत टायरावर थाप मारून सांगायचे, "नऊ वर्षां झाली. बघ, नक्षी अजून तशीच आसा." माझी सासू, वनमाला, गॅलरीतून म्हणायची, "माझ्या तोंडाकडे इतक्या वेळा बघितलं असतंत तर!"

आता माझी भानगड. अंधेरीला माझं ऑफिस आहे. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी तिथे रस्ता सुरक्षेवर भाषण ठेवलं होतं. अशा भाषणांत मी मोबाइल बघत बसते, पण मरणाबिरणाचं काही निघालं की माझे कान आपोआप टवकारतात. तो बोलणारा म्हणाला, टायरची नक्षी शाबूत आहे म्हणजे टायर शाबूत आहे असं नाही. रबर नुसतं उभ्या उभ्याही म्हातारं होतं. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. पाच-सहा वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराला दाखवा, दहाच्या पुढे तर ठेवूच नका. आणि चमक यावी म्हणून कुणी तेल चोळत असेल तर आजच थांबवा, तेल रबराला खातं.

त्या संध्याकाळी मी साडी सावरत पार्किंगमध्ये उकिडवी बसले आणि मोबाइलचा टॉर्च टायरावर मारला. तेलाने बोट घसरत होतं. तेवीस, सोळा. दोन हजार सोळा सालचा तेविसावा आठवडा. गंधाली आता सात वर्षांची आहे, म्हणजे ते टायर तिच्यापेक्षाही मोठे. दहा दिवसांनी आम्ही पाच जण याच गाडीने कुडाळला निघणार होतो, टपावर सामान बांधून, घाट उतरून.

"देवेश, बाबांना तू सांग ना."

"मी? वेडी झालीस काय? वाट लावतील माझी. तू सांग, तुला काही नाही बोलणार."

मलाही बोलायची हिंमत नव्हती. बाबांच्या टायरांना नाव ठेवायचं, तेही खोबरेलामुळे? एकेक दिवस पुढे ढकलत राहिले. आज त्यांचा मूड बरा नाही, आज पाहुणे आहेत, आज संकष्टी आहे. मधे शनिवार आला. शनिवारी बाबा गंधालीला चित्रकलेच्या क्लासला मुलुंडला सोडतात, हायवेने. सीटचा पट्टा मीच तिला बांधला आणि हात हलवून टाटा केला. मग दोन तास गॅलरीचा कठडा धरून उभी राहिले. दोघं हसत परत आली तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले, आणि तरीही बोलले नाही.

रविवारी मात्र त्यांनी तेलाची बाटली उघडली आणि मला राहवलं नाही. मी खाली गेले, एका दमात सगळं बोलून टाकलं. आकडे, वर्षं, तेल, सगळं. डोळे मिटून आवाजाची वाट बघत उभी राहिले.

आवाज आलाच नाही. बाबांनी बोळा खाली ठेवला, हात पुसले आणि अगदी हळू म्हणाले, "बस गाडीत. बघूया फुटता काय."

गंधाली आधीच मागच्या सीटवर चढून बसली होती, तिला फिरायला मिळालं की झालं. मी तिला उतरवायला हवं होतं. एवढं कळत असताना मी काय केलं, तर मुकाट्याने पुढे बसून पट्टा लावला.

हायवेवर पोचल्यावर बाबांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. चाळीसच्या वर न जाणारा माणूस साठवर गेला, सत्तरवर गेला. गाडीचा आवाज बदलला. मी काटा बघत होते, तो ऐंशीवर टेकला. शेजारून टँकर गेला तेव्हा माझी नखं सीटमध्ये रुतली होती. मागे गंधाली टाळ्या वाजवत होती, "आजोबा, अजून!" ती डाव्या बाजूला बसली होती, बरोबर मागच्या चाकावर. मला तेवढंच दिसत होतं, माझं लेकरू आणि त्याच्याखालचं ते म्हातारं रबर. मी हात मागे नेऊन तिचा गुडघा घट्ट धरून ठेवला. मुलुंडपाशी ते वळले आणि परत फिरले.

"बघलंस? खंय काय झाला?" बाबा म्हणाले.

काहीच झालं नव्हतं. मी तोंडघशी पडले होते.

तरी त्यांचं समाधान होईना. घरी न जाता त्यांनी गाडी नंदकिशोरच्या टायरच्या दुकानात घातली. पन्नाशीचा माणूस, गेली नऊ वर्षं आमच्या गाडीत हवा तोच भरतो, बाहेरच्या बाहेर, दोन मिनिटांत. "नंदू, गावाक जावचा आसा, हवा जरा वाढव. आणि हिका सांग, टायर कसे आसत ते."

नंदकिशोरने मागच्या डाव्या चाकाला पाइप लावला. टायरावर हात टेकवला तर पंजा काळा तेलकट झाला. "काका, हे काय लावलंय?" त्याने साबणाचं पाणी आणि फडकं घेतलं आणि टायर खसखसून पुसला. चमक गेली. खाली भेगाळलेल्या टाचेसारखं रबर होतं. त्याने हात आत घालून मागची बाजू चाचपली, तिथेच थांबला. मग हवेचा पाइप काढला आणि दोन पावलं मागे सरला.

"काका, आधी पोरीला खाली उतरवा."

रोज टायरांत बसणारा माणूस टायरापासून मागे सरला, हे बाबांनी पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. दाराची कडी त्यांच्या हातून उघडेना. मी उघडली. त्यांनी गंधालीला उचललं आणि दुकानाच्या पार आतल्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं.

"आतल्या अंगाला फुगा आलाय लिंबाएवढा," नंदकिशोर म्हणाला. "यात हवा भरायला माझा हात धजत नाही."

"आत्ताच ऐंशीन इलंय रे मी."

"मग नशीब म्हणा."

बाबा रचलेल्या टायरांवर बसले. "तेलान झाला?"

"वय झालंच होतं, तेलाने भर घातली. आणि वरून चमक, त्यामुळे भेगा तुम्हाला दिसल्या नाहीत, मलाही नाही. बाकी हवा, चाकं फिरवणं, सगळं तुम्ही बरोबर केलंत. म्हणून तर इतके चालले. पण काका, टिकवायचा म्हणजे जन्मभर ठेवायचा नसतो ना."

बाबांनी मान हलवली. मग माझ्याकडे बघितलं. "तुका कधी कळला?"

"सहा दिवस झाले."

"म्हणजे शनिवारी मी चेडवाक घेऊन मुलुंडाक गेलंय, तेव्हा तुका ठाऊक होता?"

"हो."

"मग सांगलंस नाय कित्याक?"

खोटं बोलायला आता जागाच नव्हती. "तुमची भीती वाटली, बाबा."

त्यांनी पुसलेल्या टायराकडे बोट दाखवलं. "टायरापेक्षा जास्ती?"

मी मान डोलावली. त्यांनी चष्मा काढला आणि त्याच तेलकट हातांनी डोळे पुसले. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण रडताना जराही आवाज नव्हता. मला त्यांची दया आली आणि स्वतःची शरम वाटली, कारण पोरीला पट्टा बांधून त्या गाडीत बसवणारी मीच होते. नंदकिशोर पाठ फिरवून नवे टायर काढायला लागला.

गंधाली कोपऱ्यातून हळूच आली आणि माझी ओढणी ओढून म्हणाली, "आई, आजोबा तुला ओरडले?"

"नाही गं," मी म्हटलं. खरंच ओरडले नव्हते. ज्या ओरडण्याला भिऊन मी तिला सहा दिवस त्या गाडीत बसू दिलं, ते ओरडणं आलंच नव्हतं.