फक्कीनं आखलेले दोन फ्लॅट

घर कागदावर सोनाजी गवंड्याला दिसतच नाही, जमिनीवर दिसतं. त्यामुळे पुण्यात नर्स असलेल्या ज्योतीनं, त्याच्या लेकीनं, दोन फ्लॅटचे नकाशे मोबाइलवर पाठवले, तेव्हा गावाकडं, गोरेगावच्या अंगणात त्यानं दोरी ताणली आणि चुन्याच्या पांढऱ्या फक्कीनं दोन्ही फ्लॅट मापात आखले.

"बेडरूम एकच, ती बी माळ्यावर. लॉफ्ट म्हणत्यात," सोनाजी बायकोला म्हणाला.

"म्हणू द्या. सैपाक कुठं करायचा?" जनकाबाईनं विचारलं.

"तू सैपाकघरातच उभी हाईस. वळू नको, भिंत लागंल."

पहिला फ्लॅट ज्योतीच्या दवाखान्याशेजारी. पण बेडरूम, मोरी, संडास सगळं वर, आणि जायला खडी लोखंडी शिडी. दुसऱ्याला रुंद पायऱ्या. पण ड्यूटीवरून सुटलं की दीड तास बस.

"पहिलाच बरा. पोरगी पायी घरी येईल," सोनाजी म्हणाला.

"आन तुमी?"

तो वर्षापूर्वी बांधकामाच्या परांचीवरून पडला होता. ज्योतीला सांगितलं होतं, पाय मुरगळला, आता कामावर जातोय. खरं तर थापी तेव्हापासून खुंटीला होती आणि जनकाबाई हळदीच्या कामाला जात होती. पहिल्या फ्लॅटची आखणी त्यानं मुद्दाम अंगणातल्याच गोठ्यातल्या कडब्याच्या माळ्याखाली केली होती. तिथं शिडी होती. सकाळपासून तो तिच्याकडं नुसता बघत होता.

फोन वाजला. व्हिडिओवर ज्योती.

"जयभीम बाबा! संध्याकाळी सांगायचंय फ्लॅटवाल्यांना. कोणता घेऊ? दिवाळीनंतर तुमाला दोघांनाबी आणायचंय."

"पहिला घे."

"शिडी जमंल आईला?"

"मला काय झालंय?" जनकाबाई म्हणाली, आणि नवऱ्याकडं बघून गप्प झाली.

"बाबा, तुमी वर चढा न. तिथून दाखवा, खाली किती दिसतं."

जनकाबाईनं फोन धरला. सोनाजीनं हात पुसले, पहिल्या दांड्यावर पाय ठेवला. दुसऱ्या. तिसऱ्यावर उजवा गुडघा थरथरायला लागला. त्यानं शिडीला मिठी मारली. ना वर, ना खाली.

"आई, फोन हलवू नको," ज्योती म्हणाली.

"म्या न्हाई हलवून राहिले."

ज्योतीचा चेहरा स्क्रीनजवळ आला.

"बाबा, कामावर कधीपासून जात न्हाईत तुमी?"




सोनाजीनं कपाळ दांड्याला टेकलं. "तू पहिलाच घे, बाई," तो शिडीलाच म्हणाला. "आमी हितंच राहू, येऊन जाऊन."