सुक्या बोंबलांविषयी चार शब्द

पन्नाशी उलटल्यावर माणसाने नवे काही शिकू नये असे कुठे लिहिलेले नाही. तरीही गिरगावात खोताच्या वाडीतल्या त्या लाकडी घराच्या पायऱ्या चढताना मी दर रविवारी आजूबाजूला पाहून घेत असे. आत एक टेबल, चार खुर्च्या आणि तीन फासे. खेळ असा, की प्रत्येकाने एक पात्र व्हायचे आणि त्याच्या तोंडून बोलायचे. माझी भाची सूत्रधार. तिने आणलेल्या नियमांची खुबी ही, की ते कोणत्याही जगाला चालत. राजवाडा असो, अवकाश असो वा परळचा पूल, फासे तेच आणि रीतही तीच: बेरीज जितकी कमी, तितके यश मोठे.

नियम मी परीक्षेसारखे वाचून काढले होते. अडचण बोलण्याची होती. सारी नोकरी मी साहेबांची भाषणे लिहून देण्यात घालवली. स्वतः एकही केले नाही. टेबलाशीही "तो दार उघडतो", "तो थांबतो" यापुढे माझी मजल जात नसे.

एका रविवारी लालबागला टॅक्सीत बसल्या बसल्या भाचीने विषय काढला.

"मामा, राग मानू नकोस. आपल्यात खेळणाऱ्या डेंटिस्टची बहीण कधीची विचारतेय, खेळात जागा आहे का म्हणून. आज तरी तोंड उघड."

"उघडतो की."

"चहा प्यायला नाही रे."

त्या खुर्चीचा मला किती लळा लागला आहे, हे गिरगाव येईपर्यंत मला पुरते कळून चुकले.

त्या दिवशी गोष्ट नवी होती, म्हणून पात्रेही नवी. प्रत्येकाला सारखे पॉइंट मिळतात. अंगी एखादे कसब हवे तर ते खर्चायचे. एखादा दोष पत्करला तर थोडे परत मिळतात. मला वक्तृत्व हवे होते, तेही पुरेपूर. पॉइंट कमी पडले, तेव्हा मी एक दोष घेतला: खोटे बोलता येत नाही. तो निरुपद्रवी वाटला.

घरमालक तरुणाला अंतराळयान हवे होते, भायखळ्याच्या डेंटिस्टबाईंना तस्करी. तडजोड अशी निघाली, की तो कप्तान, त्या इंजिनियर, मी बोलणारा; आणि आम्ही दोन पोती सुके बोंबील अशा ग्रहावर नेत होतो, जिथे वासाला बंदी आहे.

त्या ग्रहाच्या नाक्यावर भाची चौकीदार झाली. कोपरे टेबलावर टेकवून तिने खास लालबागी आवाज लावला. "काय रे बाबा, पोत्यात काय?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. "काका, कापूस सांगा," डेंटिस्टबाई कुजबुजल्या.

मी तोंड उघडणार, तोच भाचीने फासे पुढे सरकवले. "खोटं बोलायचंय? मग आधी दोषावर मात कर."

सतरा आले.

"नाही जमत. खरंच सांगावं लागणार. आता वक्तृत्वासाठी टाक."

चार आले. भाचीचा चेहरा खुलला. "म्हणजे तू खरं सांगतोस, आणि फारच सुंदर सांगतोस. हं, होऊन जाऊ दे."

भाषण बसून करत नाहीत, एवढे मला ठाऊक होते. मी उभा राहिलो.

"सन्माननीय चौकीदार महोदय, या पोत्यांत सुके बोंबील आहेत. आपल्याकडे त्यांना मज्जाव आहे, याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. आमच्या इंजिनियरबाईंनी ते मोठ्या कौशल्याने इंजिनाखाली दडवले. आमच्या कप्तानांनी त्यांवर अत्तर शिंपडले. ते अत्तर कुचकामी ठरले, हे आपण जाणताच."

"अत्तराचं कुणी विचारलं होतं?" कप्तान कळवळला.

"ओघात आले," मी म्हणालो आणि पुढे निघालो. कांदा, लाल तिखट, दोन कोकमे, मंद आच. त्या वासाविना एक संपूर्ण ग्रह जेवतो याबद्दल मी हार्दिक सहानुभूती व्यक्त केली. आभारप्रदर्शनही केले.

भाची ओढणीत तोंड लपवून हसत होती. डोळे पुसून तिने निकाल दिला, "चौकीदार गहिवरला. आणि त्याने तुम्हा तिघांना तुरुंगात टाकलं."

चहा आला तेव्हा डेंटिस्टबाईंनी विचारले, "मग बहिणीला काय कळवू?"

"मामा तुरुंगात आहे, त्याची जागा कशी देणार?" भाची म्हणाली. "तिला सांग, स्टूलवर बसायची तयारी असेल तर ये. आपल्याला वकील लागणारच आहे."

"चालेल," कप्तान म्हणाला. "फक्त काका, कोर्टात तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही हं."

गप्प बसा, असे मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी सांगत होते.