पुसलेले श्वास

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही नाही. चाळीस वर्षं आवाज रेकॉर्ड करण्यात गेली. काही विचित्र ऐकू आलं की मी आधी वायर तपासतो. आता वय एकाहत्तर. कोणाला घाबरवायला हे लिहीत नाही. तीन वर्षं एक खोटं बोलत आलोय, ते संपवायचं आहे.

मी मूळचा साताऱ्याकडचा, राहतो घणसोलीत. निवृत्तीनंतर फ्लॅटच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटर आणि माइक मांडून हळदीची डीजे गाणी करायचो. तळवलीच्या सखूबाय धवलारीण होत्या – आगरी लग्नांत धवले, म्हणजे विधींची पारंपरिक गाणी, गाणाऱ्या. त्यांचा आवाज इलेक्ट्रॉनिक बीटवर बसवायचा, ही माझी कल्पना.

एका सकाळी त्या सून वनिताबरोबर रिक्षाने आल्या. दम्याचा जुना त्रास. पलंगावर बसून गायल्या. दर दोन ओळींनी लांब श्वास, छातीत बारीक शिट्टी.

"मास्तर, यो दम पन येल काय रं गान्यान?"

"काढून टाकता येतो, बाय."

"नको काढू. म्हातारी दमली म्हनतील, म्हनू दे!"

वनिता हसली. "आये, तुज्या दमावर पोरं नाचतील."

"नाचू दे की. दम हाय म्हनून त गातंय."

मी शब्द दिला – काढणार नाही.

त्या गेल्यावर उशीपाशी त्यांचा दम्याचा पंप राहिलेला मला दिसला. हो, दिसला. हे वाक्य आज पहिल्यांदा लिहितोय. तळवली रिक्षाने दहा मिनिटांवर. पण आवाज कानात ताजा होता... म्हटलं, संध्याकाळी देऊ. फोन सायलेंटवर टाकला, हेडफोन लावले आणि मिक्सला बसलो.

बीटमध्ये आवाज बुडू नये म्हणून तो दाबून एकसारखा करावा लागतो. तसं केलं की श्वासही शब्दांएवढे मोठे होतात. ते फार बोचायला लागले. मी दिलेला शब्द मोडला, एकेक श्वास निवडून पुसला. स्क्रीनवर त्या जागी सरळ रेघ उरली.

प्ले केलं... श्वास होतेच. उलट जास्त, ओळींच्या मध्येच, भराभर. बीट बंद केला. सखूबायचा ट्रॅकही बंद केला. मीटर शून्यावर, तरी श्वास चालूच – ओढून ओढून. शेवटी हेडफोनची वायर उपटली. वायर हातात, आणि आवाज कानात!

मला भीती नाही वाटली. राग आला. "गप की जरा," असं मी चक्क ओरडलो.

आणि ते थांबलं.

फोन पाहिला तर वनिताचे अकरा मिस्ड कॉल. उलट फोन लावला.

"मास्तर... आयेचा पंप तुमच्याकडं ऱ्हायला काय वो?"

"आहे, आहे. लगेच आणतो!"

"आता नको. आये गेली... आत्ताच."

मी वनिताला सांगितलं, पंप तुला फोन लावायच्या जरा आधीच दिसला, फोन बाहेरच्या खोलीत राहिला होता. तिने मलाच धीर दिला. "तुमची काय चूक, मास्तर?"

वर्षश्राद्धाच्या आधी ती आली. म्हणाली, "गानं नको मना. मधी मधी ती दम घ्यायची ना, तेवढाच ऐकवा."

मूळ रेकॉर्डिंगला मी हातही लावला नव्हता. पुसलं होतं ते मिक्समधल्या कॉपीतून. मूळ फाइल उघडली... पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सखूबाय गातायत, आणि त्यात एकही श्वास नाही. दुसऱ्या डिस्कवर ठेवलेल्या कॉपीतही नाही. एका जुन्या सहकाऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, "असं माणूस गाऊच शकत नाही. कसं केलंस?"

मी केलं नाही. कसं झालं, मला माहीत नाही. वनिताला मात्र फाइल खराब झाल्याचं सांगून परत पाठवलं.

वनिता, हे वाचलंस तर ये. काय बोलायचं ते तोंडावर बोल. तुला ऐकवायला माझ्याकडे काही उरलेलं नाही.